शालनताई भाकरी करत आहेत

भूत कसं चालतं, या एका प्रश्नानं केतकी आळतेकरचे अकरा महिने खाल्ले होते.

कोल्हापुरातल्या ज्या स्टुडिओत ती नोकरीला होती, तिथे 'जेवल्याशिवाय जायचं नाही' नावाचा ॲनिमेशनपट तयार होत होता. पाटणकर नावाचं कुटुंब स्वस्तात मिळतोय म्हणून एक बंगला विकत घेतं. स्वस्तात का मिळतोय, हे विकणारा अर्थातच सांगत नाही. बंगल्यात एका म्हातारीचं भूत असतं. ते कुणाच्या मानगुटीवर बसत नाही, की गळा दाबत नाही. पाटणकरांची पोरं पाकिटातलं खाऊन वाळून काटकी झालीत, हे बघून ते हळहळतं आणि रोज दुपारी बंद स्वयंपाकघरात भाकऱ्या थापायला बसतं. बाहेर नुसता थाप, थाप आवाज. दार उघडावं तर आत कुणी नाही, आणि ताटात वाफाळती भाकरी. पाटणकरांची बोबडी वळते. पोरांनी आईच्या पदराआडून बघत हसावं, असा सगळा मामला.

अडचण एकच होती. भुतात जीव येत नव्हता.

"केतकी, आपलं भूत मेल्यासारखं चालतंय गं," दिग्दर्शक निमिष करंदीकर म्हणाला आणि सगळी खोली हसली. केतकीला हसू आलं नाही, कारण भूत तिच्याकडे होतं. आता हातानं चित्रं काढायचे दिवस राहिले नव्हते. यंत्राला सांगितलं की म्हातारी चालव, की ते चालवायचं. पण ते दहा हजार म्हाताऱ्यांची सरासरी काढून एक म्हातारी द्यायचं, आणि ती कुणाचीच आजी नसायची.

त्या संध्याकाळी घरी जाताना केतकीला मिरजेच्या घरातली फरशी आठवली.

दहा वर्षांत ही जागती फरशी म्हाताऱ्या माणसांच्या घरोघरी पोहोचली होती. फरशीच्या खाली कागदाइतका पातळ थर असतो. त्यावर दाब पडला की तिळाएवढी वीज तयार होते. टाच टेकली, वजन कडेनं सरकलं, अंगठ्यानं रेटा दिला, हे सगळं ती वीज सांगते. प्रत्येकाची चाल हस्ताक्षरासारखी वेगळी असते. दोन आठवड्यांत फरशी घरातल्या माणसांना ओळखायला लागते, आणि कुणी पडलं तर मुलाबाळांच्या फोनवर घंटा वाजते. सेकंदाला हजार वेळा थरथर टिपली जात असल्यानं त्या नोंदीवरून पुढे माणसाचं सगळं शरीर चालताना उभं करता येतं. आवाजही परत मिळवता येतो. आवाज म्हणजे तरी काय, थरथरच.

केतकीनं ही फरशी आईवडिलांच्या घरी पाच वर्षांपूर्वी बसवली होती. आई आठ महिन्यांपूर्वी गेली. तिची चाल मात्र सगळीच्या सगळी जपलेली होती.

तिनं अण्णांना फोन केला. अण्णा, म्हणजे दिगंबर आळतेकर, पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले. जमिनीखालच्या नळाची गळती कुठे आहे हे लोखंडी सळई रस्त्याला टेकवून, तिला कान लावून हुडकणारा मिरजेतला शेवटचा माणूस.

"आईचं चालणं सिनेमात वापरू का, अण्णा?"

"लोक हसतील व्हय तिला?"

"हसतील. पण प्रेमानं."

"मग घे की. तिला माणसं हसलेली आवडायची."

दोन दिवसांनी पडद्यावरची म्हातारी पाटणकरांच्या उंबऱ्याशी आली, थबकली, उजव्या पायाचा तळवा डाव्या पोटरीला पुसला आणि मग आत गेली. पुसायला तिथं काही नव्हतं. आई, शालन आळतेकर, आयुष्यभर तसंच करायची. खोलीतले सगळे टाळ्या वाजवत उठले. केतकी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडली आणि तोंड धुऊन परत कामाला बसली. आई परत मिळाल्याचा आनंद होता तो, आणि तो खोटा नव्हता.

मग राहिला भाकरीचा आवाज. सगळी भीती आणि सगळं हसू त्या आवाजावर उभं होतं. फरशीच्या नोंदींत 'भाकरी थापणे' या नावाखाली चार वर्षांच्या हजारभर नोंदी होत्या. आई ओट्याशी उभी राहून भाकरी करायची नाहीच. शेगडी खाली घेऊन, काठवट पुढ्यात ओढून, जमिनीवर मांडी घालून बसायची. यंत्राला शिकायला लांब नमुना लागतो, म्हणून केतकीनं सगळ्यांत मोठी सलग नोंद मागवली. बाकीच्या नोंदींत एक भाकरी तव्यावर टाकून दुसरी घेईपर्यंत उसंत असायची, ही मात्र बेचाळीस मिनिटं सलग होती. यंत्रानं ती वरच आणून ठेवली. केतकीला तेवढंच हवं होतं. तारीख कोण बघतं?

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी, जी केतकीनं कुणालाच सांगितली नव्हती.

फरशी बसवल्यावर पहिल्या महिन्यात तिचा जीव मेटाकुटीला आला होता. फरशी बनवणारे खुर्चीत बसणारे लोक. माणूस जमिनीवर आला म्हणजे तो पडला, एवढंच त्यांना ठाऊक. आणि शालनताईंचा तर निम्मा दिवस जमिनीवर. भाजी निवडायला जमिनीवर, देवापुढं जमिनीवर, आणि दुपारी जेवण झालं की गार फरशीवर हाताची उशी करून आडवी. दिवसाला तीस-तीस घंटा. केतकी मीटिंगमधून धावत बाहेर येऊन फोन करायची आणि आई म्हणायची, "अगं बाई, मेथी निवडायलीय मी. जिवंत हाय अजून." विसाव्या दिवशी केतकीनं वैतागून फरशीला शिकवलं: शालनताईंचं खाली बसणं नेहमीचं. आडवं होणं नेहमीचं. काळजी नको.

घंटा थांबल्या. त्यांच्या जागी दिवसभर साधे, गोड संदेश यायला लागले, तिला आणि अण्णांनाही. शालनताई देवघरात आहेत. शालनताई उन्हात बसल्या आहेत. शालनताई स्वयंपाकघरात आहेत, भाकरी करत आहेत.

फेब्रुवारीतल्या त्या मंगळवारीही अकरा वाजून चौदा मिनिटांनी हाच संदेश आला होता. केतकीनं तो शेजारी बसलेल्या निमिषला दाखवला होता. "आमच्या मातोश्रींची भाकरी सुरू झाली बघ." निमिष म्हणाला होता, "माझ्या वाटणीची एक ठेवायला सांग." एक वाजता अण्णा घरी आले तेव्हा आई काठवटीशेजारी पडलेली होती. मेंदूत रक्तस्राव. डॉक्टर म्हणाले, भाकरी करता करता गेल्या असतील, एका क्षणात, कळलंही नसेल. बापलेकींनी ते वाक्य धरून आठ महिने काढले होते. हातात पीठ असताना गेली, सुखानं गेली, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

घंटा केतकीनं बंद केली होती, हे अण्णांना माहीत नव्हतं. एका क्षणात गेली असेल तर घंटेनं तरी काय केलं असतं, अशी ती स्वतःची समजूत घालायची.

सिनेमा पुरा झाला. एका रविवारी सकाळी स्टुडिओतल्या लहान थिएटरात काम करणाऱ्यांच्या घरच्यांसाठी खेळ ठेवला. अण्णा इस्त्रीचा सदरा घालून मिरजेहून आले. केतकी आणि अण्णा यांच्या मधे केतकीची सात वर्षांची शर्वी बसली.

भूत उंबऱ्याशी थबकून पाय पुसायला लागलं, तेव्हा अण्णा हसले. "बघ बघ," ते शर्वीला म्हणाले, "आजी आली तुझी." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते. केतकीला वाटलं, अकरा महिन्यांचं सोनं झालं.

मग पडद्यावर दुपार झाली. बंद दाराआडून आवाज आला. थाप. थाप. थाप. श्री. पाटणकर कपाटात शिरले आणि कपाटच चालायला लागलं. थिएटरात पोरांचा एकच गलका झाला. शर्वी खुर्चीच्या हातावर थापा मारत खिदळायला लागली.

अण्णा मात्र पुढं वाकले होते. त्यांनी मान तिरकी करून एक कान पडद्याकडे केला होता आणि डोळे मिटले होते. रस्त्यावर सळई लावून बसायचे तसे.

खेळ संपला. शर्वी इतर पोरांबरोबर आवारात पळाली. अण्णा पायरीवर बसले होते. केतकी चहा घेऊन आली, तो त्यांनी घेतला नाही.

"ही भाकरी न्हाई," ते म्हणाले.

"काय, अण्णा?"

"सत्तेचाळीस वर्षं तिच्या हातची खाल्ली मी. भाकरी थापायला लागली की आधी जड आवाज येतो. मग ती फिरते, मोठी हुती, पातळ हुती, तसा आवाज हलका पडत जातो. मग थांबतो, आणि तव्यावर टाकल्याचा येतो. ह्यात भाकरी फिरतच न्हाई. एकाच जागी हात पडायलाय. आणि काठवटीचं लाकूड न्हाई ह्यात, नुसती फरशी हाय." ते थांबले. "त्या दिवशी काठवटीत पीठ कोरडं होतं, केतके. पाणीसुद्धा घातलं नव्हतं. मी कुणाला बोललो न्हाई. म्हटलं, आपलंच काहीतरी चुकत असंल. ही नोंद कवाची?"

केतकीनं पिशवीतून टॅब काढला. संकेतशब्द दोनदा चुकला. बेचाळीस मिनिटांची ती नोंद तिनं उघडली आणि पहिल्यांदाच तारखेकडे पाहिलं.

फेब्रुवारी. मंगळवार. अकरा वाजून चौदा मिनिटं ते अकरा छप्पन्न.

बेचाळीस मिनिटं आई जमिनीवर हात आपटत होती. तोंडातून शब्द फुटत नसणार, नाहीतर शेजारी धावले असते. फरशी जागती आहे, लेकीनं बसवली आहे, तिला सगळं कळतं, असं तीच शेजारणींना कौतुकानं सांगायची. ती फरशीला सांगत होती. आणि फरशीनं ऐकलं, बरोबर ऐकलं, आणि जमिनीवर बसलेल्या बाईच्या हाताची थाप म्हणजे जे चार वर्षं असायचं तेच असणार, असं म्हणून लेकीला आणि नवऱ्याला कळवलं.

आता लपवून ठेवण्यासारखं काही उरलं नव्हतं. "अण्णा," केतकी म्हणाली, "ती पडली तेव्हा घंटा वाजायला हवी होती. मी बंद केली होती. मीच फरशीला सांगितलं होतं, आई आडवी झाली तर काळजी नको म्हणून."

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. तसं त्यांनी तिच्याकडे कधीच पाहिलं नव्हतं, अगदी लहानपणी तिनं त्यांचं घड्याळ विहिरीत टाकलं होतं तेव्हाही नाही. मग ते उठले, सदऱ्याची बाही सारखी केली.

"शर्वीला सांग, आजोबा गेले," म्हणाले आणि बसस्टँडच्या दिशेनं चालायला लागले.

सोमवारी केतकीनं निमिषला सगळं सांगितलं. "मी म्हणालो होतो, माझ्या वाटणीची ठेव," तो एवढंच पुटपुटला. सिनेमा लागायला महिना उरला होता. तो म्हणाला, तो आवाज आजच काढून टाकू, यंत्राला सांगितलं तर दुसरी थाप दोन मिनिटांत मिळेल.

"नको," केतकी म्हणाली. "भुताला खरी भाकरी लागेल. मी आणते."

आणायची कुठून, हे तिला ठाऊक होतं. जायचं धाडस होत नव्हतं. अण्णा फोन उचलत नव्हते. त्यांची खबर फक्त फरशी देत होती. दिगंबरराव खुर्चीत आहेत. दिगंबरराव खुर्चीत आहेत. आणि रोज दुपारी एकच्या सुमाराला: दिगंबरराव स्वयंपाकघराच्या दारात उभे आहेत. एकदा पाच मिनिटं, एकदा एकोणीस. आत गेल्याची नोंद एकदाही नव्हती. घरी शर्वी जमिनीवर थापा मारत भूत-भूत खेळत हिंडायची आणि केतकीला तिच्यावर ओरडताही येत नव्हतं. तिच्या लेखी ती आजीची गंमत होती.

तीन आठवड्यांनी, एका मंगळवारी सकाळी केतकी मिरजेला गेली. अण्णांनी दार उघडलं. वाळले होते. तिच्या हातातल्या ज्वारीच्या पिठाच्या डब्याकडे त्यांनी पाहिलं, काही न बोलता बाजूला झाले आणि आपल्या खोलीत जाऊन त्यांनी दार लोटून घेतलं.

स्वयंपाकघरात धुळीचा थर होता. डबेवाल्याचे रिकामे डबे उंबऱ्याबाहेरच रचून ठेवलेले. केतकीनं जमीन पुसली. शेगडी खाली उतरवली, काठवट धुऊन कोरडी केली आणि आईच्या जागेवर मांडी घालून बसली. याच जागेवर, हे मनात आलं. मग तिनं आधणाचं पाणी पिठात ओतलं.

पहिली भाकरी चिरली. दुसरीचा नकाशा झाला. आई शिकवायची तेव्हा ती किती कंटाळा करायची! "आवाज ऐक," आई म्हणायची, "हात नको बघू. भाकरी झाली की आवाजच सांगतो." तिसऱ्या वेळी केतकीनं हातांकडे बघणं सोडलं. थाप जड पडली, मग भाकरी फिरायला लागली, मोठी व्हायला लागली. आवाज हलका होत गेला.

मांडीशेजारी ठेवलेला तिचा फोन उजळला.

शालनताई स्वयंपाकघरात आहेत. भाकरी करत आहेत.

आईचं नाव फरशीच्या यादीतून काढायचं दोघांच्याही जिवावर आलं होतं. तीच जागा, तीच काठवट, तिनंच वळण लावलेले हात. फरशीनं सगळ्यांत जवळचं नाव उचललं होतं. आणि त्याच क्षणी आतल्या खोलीत अण्णांच्या फोननं तो संदेश मोठ्यानं वाचून दाखवला. चष्म्याशिवाय त्यांना वाचता येत नसे, म्हणून त्यांचा फोन बोलायचा.

खुर्ची मागं सरकल्याचा आवाज आला. काहीतरी पडलं. अण्णा धावत दारात आले, एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते केतकीनं नीट पाहिलं आणि ते ती मरेपर्यंत विसरणार नव्हती. क्षणभर त्यांचा विश्वास बसला होता. मग त्यांना लेक दिसली.

ते चौकट धरून उभे राहिले. केतकीचा हात भाकरीवर तसाच थांबला.

"त्या दिवशी," अण्णा म्हणाले, "माझ्याबी फोनवर आलं होतं हे."

केतकीनं भाकरीवरचा हात मागं घेतला.

"क्लबात कॅरमला बसलो होतो. फोन बोलला. म्हटलं, भाकरी व्हायलीय, म्हंजे अजून तासभर हाय. पोरांस्नी म्हटलं, लावा रे आणखी एक डाव. जिंकलो मी तो डाव. तीस वर्षं जमिनीला कान लावून गावाच्या गळत्या हुडकल्या आणि घरात..."

तवा तापून धुरायला लागला होता. अण्णा अडखळत पुढं आले. आठ-नऊ महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी तो उंबरा ओलांडला. जमिनीला हात टेकत, कण्हत ते तिच्यासमोर बसले आणि शेगडी बारीक केली.

"यंत्र म्हणंल भाकरी. म्हणू दे, त्याला काय कळतंय. आपण उठून बघायचं असतं गं. एवढंच चुकलं आपलं."

तीन आठवडे केतकी 'तुझं' हा शब्द ऐकायची तयारी करत होती. अण्णा 'आपलं' म्हणाले होते. तिला हुंदका आवरला नाही. अण्णांनी तिच्या पिठाच्या हातावर आपला हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही.

"टाक आता ती. वाळायली."

तिनं भाकरी तव्यावर टाकली. वरून पाण्याचा हात फिरवला, उलटली, शेकली. कडेला जराशी करपली होती. अण्णांनी स्वतः उठून ताट घेतलं, चटणी घेतली आणि तिथंच जमिनीवर बसून पहिला घास मोडला. केतकीचा फोन पुन्हा उजळला आणि आतल्या खोलीत अण्णांचा बोलला.

दिगंबरराव आणि शालनताई स्वयंपाकघरात आहेत. जेवत आहेत. ही नोंद बरोबर आहे का?

केतकीनं फोनकडे हात नेला, तो अण्णांनी मान हलवून थांबवला. सावकाश, एकेक घास चावत त्यांनी अख्खी भाकरी संपवली. ताटातला शेवटचा कण बोटानं टिपला. हात धुतला, धोतराला पुसला, खोलीतून फोन आणि चष्मा आणला, चष्मा डोळ्यांवर चढवला. मग फोन हातात घेऊन त्यांनी 'नाही' या शब्दावर बोट ठेवलं.

परत खाली बसले आणि दुसऱ्या भाकरीसाठी त्यांनी ताट पुढं केलं.